जोडतास

पस्तीस मिनिटांचा तास म्हणजे
हजेरी, फळा पुसणं, मागच्या बाकावरची कुरबुर
आणि "उरलेलं घरून करून आणा."
एकवीस वर्षं मी उरलेलं घरी पाठवत आले.
घणसोलीतल्या एका खोलीच्या घरांत
ते कुठे मावत असेल, विचारलं नाही.

या जूनपासून मंगळवारचे शेवटचे दोन तास जोडले.
सत्तर मिनिटं. मध्ये घंटा नाही.
पहिल्या दिवशी गंगावणे मामा सवयीने टोल्यापाशी गेले,
हात उचलला,
आणि तोच डोक्यावरून फिरवत परत आले.

छत्तिसाव्या मिनिटाला माझ्याकडचं सगळं संपलं.
खडू होता, शब्द नव्हते.
बेचाळीस पोरं माझ्याकडे बघत होती,
पाहुण्यांचा चहा पिऊन झाला
तरी ते उठत नाहीत, तसं बघणं.
त्या गप्पपणात खिडकीबाहेर पाहत दुर्गेश निषाद म्हणाला,
"बाई, त्या धारण तलावाचं दार
भरतीच्या वेळी लावतं कोण?"

पुस्तकात असतं तर सांगितलं असतं.

मग सुरू झालं ते आवरेना.
फुटका मासेघर आणला अफरोजने,
सायकलच्या ट्यूबची झडप,
एम-सीलने माखलेली बोटं,
बांबूच्या काठीवर नेलपॉलिशच्या खुणा,
दर पाच सेंटीमीटरला एक, गुलाबी.
तीन मंगळवार नुसती गळती.
पाणी फरशीतून खालच्या सातवी 'ब'च्या छताला पोचलं,
तिथून खरात सरांपर्यंत.
"मॅडम, दुसऱ्या तुकड्या पाचव्या धड्यावर आहेत."
मी म्हटलं, आम्ही पाण्यावर आहोत.
ते हसले नाहीत. मीही विनोद केला नव्हता.
त्या रात्री मात्र धडे मोजत जागी होते.

तनिष्का मढवी. विज्ञानात ऐंशीपैकी सतरा.
माझ्या तासाला तिचा आवाज मी
"हजर" यापलीकडे ऐकला नव्हता.
ती काठी हातात घेऊन म्हणाली,
"आज षष्ठी. साडेचारला भरती भरंल."
कशावरून गं?
"तिथीची पाऊणपट. सहाची पाऊण साडेचार.
आई चिंबोऱ्यांना जाते ना, तिला घड्याळ नाय लागत."
मी फळ्यावर गुणाकार मांडला.
तिने फळ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पालकांच्या सह्या, दोन शिपाई, एक दोरी,
आणि आम्ही बांधावर.
साडेचार वाजले.
पाणी चढतच होतं.
पावणेपाच. चढतंच.
निवट्या चिखलातून उड्या मारत वर सरकत होत्या,
तिवरांची टोकदार मुळं एकेक बुडत होती.
कोणीतरी फिस्कन हसलं.
मी वहीत "अंदाज चुकला" लिहायला पेन उघडलं
(जुना हात, तो असाच वागतो).
"थांबा ना बाई," तनिष्का म्हणाली,
"ती पाऊणपट बाहेरच्या दर्याची.
आपली खाडी आत हाय.
पानी चालत येतं. वाटेला टाईम लागतो."

पाच वाजून दहा मिनिटांनी
पाणी सातव्या गुलाबी खुणेला टेकलं
आणि तिथेच राहिलं.
दार कधीचं मिटलं होतं.
कोणी लावलं नव्हतं.
खाडीनेच बाहेरून खांदा लावून धरलं होतं.
दुर्गेश बराच वेळ बघत राहिला,
मग स्वतःशीच बोलला, "कोणीच नाही."

चाळीस मिनिटं.
पस्तीसच्या तासात ती कुठे बसवली असती?
किती तनिष्का मी साडेचारलाच
चूक म्हणून तपासून टाकल्या,
लाल पेनाला आठवत नाही.

प्रगती-अहवालात "साध्य झालेले उद्दिष्ट"
या रकान्याला एकच ओळ आहे.
ती अजून कोरी आहे.
मासेघर डावीकडून अजून गळतं, खाली बादली ठेवलीय.
सातवी 'ब'च्या छतावर डाग पसरलाय,
पोरं म्हणतात, तो पुढच्या वर्षीचा प्रकल्प.

काल साडेपाचला गंगावणे मामा दारात आले,
आत डोकावले, टोल्याकडे बोट केलं,
"वाजवू का?"

मी तोंड उघडायच्या आत
काचेवर नाक टेकवून बसलेली तनिष्का,
मागे न वळता,
"थांबा मामा, अजून चढतंय."